पितृपक्षातली परमिट रूम

पितृपक्ष आला की मला परमिट रूमचा वास येतो. फिनेलने पुसलेली फरशी, गल्ल्यावरच्या तसबिरीपुढची उदबत्ती, कापून ठेवलेली लिंबं आणि कुठल्यातरी कोपऱ्यात सांडून वाळलेली कालची बिअर. बाकीच्या नाशिकला या दिवसांत कढी-वड्यांचा, लाल भोपळ्याच्या भाजीचा, तांदळाच्या खिरीचा वास येतो. तोही मला येतो, नाही असं नाही. पण आधी फिनेल.

यंदाही आला. गणपती गेले, मांडवांचे खड्डे बुजवायचे राहिलेत, पाऊस असून नसल्यासारखा झालाय आणि दुपारी उकाडा असा की पंख्याखाली बसलं तरी सदरा पाठीला चिकटतो. सकाळी रामकुंडावरून आलो. नुकती भादरलेली डोकी, पुण्या-बंगळुरूहून रजा काढून आलेली पोरं, त्यांना जानवं उजवीकडे की डावीकडे ते कळेना, आणि गुरुजी एकाच वेळी तीन कुटुंबं सांभाळत, मधूनच कुणाचा तरी खांदा धरून त्याला दक्षिणेकडे वळवताहेत. घरांचे सौदे, गाड्यांची डिलिव्हरी, साखरपुडे, सगळं बंद. सोनाराच्या दुकानात सोनारच जांभया देतोय. बारवाल्यांचाही धंदा या दिवसांत निम्म्यावर येतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. आपल्याकडे माणूस वर्षभर पितो आणि बापाच्या तिथीच्या आगेमागे मात्र पाळतो. त्यामुळे बारमध्ये जागाच जागा असते आणि मॅनेजर स्वतः उठून दार उघडतो.

मी भूगोलाचा मास्तर होतो. आता निवृत्त आहे, पण खोड जात नाही. कुठल्याही गावात गेलो की आधी चढ कुठे, उतार कुठे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघतो. नाशिकचे बारही मी असेच बघितले, भागवार. पिण्यासाठी नाही. दिवाळीत कुणी आग्रह केला तर अर्धा ग्लास बिअर, एवढीच माझी मजल. एका पितृपक्षात मी हे सगळे बार बघितले ते माझ्या वहिनीबरोबर.

माझा थोरला भाऊ भास्कर, म्हणजे आमचा दादा, कंपन्यांना मशीनचे पट्टे आणि बेअरिंग पुरवायचा. निफाडकडचं आमचं गाव सोडून तो आधी शहरात आला, त्याच्यामागे मी. सातपूर, अंबड, नाशिक रोड, देवळाली, सगळीकडे त्याची गिऱ्हाइकं. दिवसाचं शेवटचं काम ज्या भागात, त्या भागातल्या बारमध्ये तो संध्याकाळी बसायचा. दोन पेग घ्यायचा आणि वेळेत घरी यायचा. कधी झोकांड्या नाहीत, शिवीगाळ नाही, हात उगारणं तर लांबच. घरी आला की हातपाय धुवायचा, जेवायचा, बातम्या बघायचा, झोपायचा. वहिनीने विचारलं, भाजी कशी झाली, तर म्हणायचा, बरी.

शकूवहिनी लासलगावकडच्या. कांद्याच्या लिलावात उभं राहून भावासाठी भांडणाऱ्या बापाची लेक, त्यामुळे आवाज खणखणीत आणि माणूस समोर असला की गप्प राहणं त्यांना जमतच नाही. अशा बाईला असा नवरा मिळाला. त्यांनी एकदोनदा माहेरी गाऱ्हाणं घातलं होतं. आईने विचारलं, मारतो का? नाही. घरात देतो का? देतो. बाहेरचं काही? छे. मग तुझं म्हणणं तरी काय? आता नवरा बोलत नाही ही काय तक्रार झाली? कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी ती पुन्हा कधी केली नाही. स्वयंपाकघरात भांड्यांशी, गच्चीत शेजारणींशी आणि सणावाराला माझ्याशी बोलून त्यांनी संसार केला.

दादा एका आषाढात झोपेतच गेला. वर्षश्राद्ध झालं आणि मग त्याच्या नावाचा पहिला पितृपक्ष आला. आमच्यात तिथीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. आमच्या आत्याने गावाकडून फोन करून वहिनींना बजावलं, कढी-वडे तर होतीलच, पण भास्करला जे आवडायचं ते एक तरी पानात पाहिजे, नाहीतर कावळा शिवायचा नाही. त्या संध्याकाळी वहिनींचा मला फोन.

"भाऊजी, तुमच्या दादाला खायला काय आवडायचं हो?"

मी म्हटलं, गुळाची पोळी. तूप घालून.

"ते लहानपणचं झालं. माझ्या घरात आल्यावरचं सांगा."

मला सांगता येईना. त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसाने एक पदार्थ मागून खाल्ला नव्हता, एकही परत पाठवला नव्हता. फोनवर बराच वेळ नुसता त्यांच्या मिक्सरचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला आणि त्या म्हणाल्या, ते बसायचे तिथल्या लोकांना माहीत असेल, मला तिथं घेऊन चला.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, न्या की, त्यात काय, वहिनी पिणार आहेत थोड्याच, आणि प्यायल्याच तर त्यांचा त्यांना अधिकार आहे. झालं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गाडी काढली. वहिनी देवळात जायची साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून शेजारी बसल्या.

पहिलं सातपूर. कारखान्यांची पाळी सुटलेली, रस्ताभर दुचाक्या, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकलेल्या. तिथला बार हा घाईचा बार. माणसं काउंटरलाच उभी राहतात, घटाघट संपवतात, मूठभर फुटाणे तोंडात टाकतात आणि हेल्मेट चढवतात. बसून गप्पा मारणारे थोडे, भिंतीकडेला. आम्ही दारात उभे राहिलो आणि आत एकदम शांतता. एका माणसाने ग्लास टेबलाखाली नेला. वेटर धावत आला, आमच्याकडे न बघता म्हणाला, फॅमिली वर.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये बाई आली की ती जागा फॅमिली होते, मग तिच्याबरोबर कुणीही असो. तिला खालच्या हॉलमध्ये बसवत नाहीत. अरुंद जिना असतो, वर प्लायवूडचे खण केलेले असतात, एसी घुरघुरत असतो, दिवा इतका मंद की मेनूकार्ड मोबाइलच्या उजेडात वाचावं लागतं. आणि पडदा. आम्ही बसलो तसा वेटरने मोठ्या समजूतदारपणे पडदा ओढून घेतला. मी साठीचा, वहिनी त्याच्याही पुढच्या. त्याला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला माहीत. वहिनींनी पडदा असा खसकन मागे सारला की दोन कड्या तुटून खाली पडल्या.

त्यांनी पर्समधून मोबाइल काढून वेटरला दादाचा फोटो दाखवला. तो पोरगेला वेटर फोटो बघून हसला, म्हणाला, पट्टेवाले साहेब! मग आमच्या चेहऱ्यांवरून त्याला काय ते कळलं. त्याने मान खाली घातली. कधी, म्हणून विचारलं. मी सांगितलं. जरा वेळाने तो चाचरत वहिनींना म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्या शिडीवाल्या वहिनी?"

ही शिडीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती फार मोठी नाही. सिडकोतल्या वहिनींच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या होत्या. केबलवाला आला, पाण्याच्या टाकीवरची डिश नीट करायला कुरडयांवरून बूट घालून चालत गेला आणि शिडी लावून वर चढला. वहिनींनी शिडी काढून घेतली. तो वरून ओरडला, याच्यापुढे बघून चालेन म्हणाला, वहिनींनी शिडी लावली आणि त्याला कोकम सरबत दिलं. बस, एवढंच. पण सातपूरच्या त्या वेटरने हसत हसत जी गोष्ट आम्हाला सांगितली त्यात टाकीवर केबलवाला नव्हताच. एका कंपनीचा मॅनेजर होता. फ्लॅट बघायला आलेला. वहिनींनी त्याला भर उन्हात टाकीवर ठेवला, आणि सगळ्या कामगारांना कायम करतो असं वदवून घेतल्यावरच खाली उतरवला. खालचा सगळा हॉल हसायचा, वेटर म्हणाला. साहेब नक्कल काय करायचे!

आमचा दादा? नक्कल? लग्नात आहेर देतानासुद्धा जो माणूस नुसती मान हलवायचा तो?

खायचं विचारायचं वहिनी विसरल्याच. गाडीत बसल्यावर सातपूरचा सिग्नल येईपर्यंत त्या पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. मग बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

"घरी माझ्याशी दोन शब्द नाय, आन इथं माझं सोंग काढून लोकांना हसवायचे. भाऊजी, माझ्या तोंडाला कंटाळून घरी येत नव्हते का ते? खरं सांगा. खायच्याचं राहू द्या आता. मला एवढंच कळलं पाहिजे."

मी म्हटलं, पुढच्या बारला विचारू.

परवा त्या रस्त्याने गेलो तर तो बार गेलेला. तिथे आता टाइल्सचं शोरूम आहे, काचेमागे संडासची भांडी ओळीने मांडलेली. जिना मात्र तसाच बाहेरून दिसतो. त्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय.

अंबडचा बार सातपूरपेक्षा मोकळा, मागे पत्र्याची शेड, पुढे पाण्याने भिजवलेलं अंगण आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. इथली गिऱ्हाइकं छोटे धंदेवाले, टेम्पोचे मालक, लेथ चालवणारे. आम्ही गेलो तेव्हा मॅनेजर गल्ल्यावरच्या गणपतीला आणि लक्ष्मीला उदबत्ती ओवाळत होता, मग तीच उदबत्ती त्याने बाटल्यांच्या फळ्यांपुढून फिरवली. वहिनींनी चपला काढून हात जोडले. मॅनेजर इतका गडबडला की त्याने त्यांना प्रसादाची खडीसाखर दिली. आणि फॅमिली रूमकडे बोट केलं.

इथल्या गोष्टीत टाकीवर बिल्डर होता. पार्किंग विकून खाल्लेला. बाकी सगळं तेच, वहिनी खाली, शिडी त्यांच्या हातात. मॅनेजरने ती अदबीने सांगितली, पण हसू त्याला आवरत नव्हतं. वहिनी ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. या वेळी मात्र त्यांनी आठवणीने विचारलं, ते इथं खायचे काय?

काही नाही, मॅनेजर म्हणाला. शेंगदाणे पुढ्यात ठेवले तर चार-दोन दाणे. आमच्याकडची सुकी मच्छी खायला लोक लांबून येतात, पण साहेबांनी कधी घेतली नाही. घरी जेवायचंय म्हणायचे. भूक मोडायची नाही म्हणायचे.

वहिनींनी खडीसाखर तोंडात टाकली होती, ती त्यांनी गालात एका बाजूला सरकवली आणि उठल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, की मग एकदा तरी चांगली झाली म्हणायला काय जात होतं?

देवळाली कॅम्पला गेलो ती संध्याकाळ मला सगळ्यांत जास्त आठवते, आणि तिथे घडलं तसं काहीच नाही. लष्कराच्या माणसांचं पिणं छावणीच्या आत, त्यांच्या कँटीनमध्ये. बाजारातला बार निवृत्त सुभेदारांचा, हवापालटाला आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांचा आणि दादासारख्या वाट चुकलेल्यांचा. मोठमोठी झाडं, रुंद रस्ते, दुरून गोळाबाराच्या सरावाचे दणके. प्रत्येक दणक्याला वहिनी खिडकीकडे बघायच्या. इथे टाकीवर सुभेदार मेजर होता हे सांगायला नकोच. त्याने वरूनच सलाम ठोकला होता म्हणे. मला एव्हाना या गोष्टीचा नकाशा दिसायला लागला होता. भाग बदलला की टाकीवरचा माणूस बदलायचा, खालची बाई तीच राहायची. पण त्याचा अर्थ काय ते मला सांगता येत नव्हतं, आणि वहिनींना तर त्यात फक्त स्वतःची टिंगल ऐकू येत होती. परतताना म्हणाल्या, गावभर माझी शोभा करून ठेवलीय या माणसाने. तमाशाच्या फडात घातलं मला.

मध्ये एकदा मी त्यांना गंगापूर रोडला नेलं. दादा तिथे फक्त एकदाच गेला होता, कुठल्यातरी कंपनीच्या पार्टीला, आणि खुर्च्या फार उंच आहेत एवढंच त्याने मला सांगितलं होतं. मला वाटलं, बाईला जरा बरं वाटेल. काचेच्या भिंती, दोरीला लोंबणारे पिवळे दिवे, तांब्याची मोठाली पिंपं, भिंतीवर द्राक्षांच्या घडांची चित्रं. दारातल्या मुलीने आम्हाला थेट मधल्या टेबलावर नेऊन बसवलं. वहिनींनी आधी जिना कुठे आहे ते बघितलं. जिना नव्हताच. सगळीकडे पोरी, पोरं, एका टेबलाला तर चार पोरीच. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

बायकांना इथं वर नाय का पाठवत, वहिनींनी हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी पर्स पहिल्यांदा मांडीवरून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत मागे रेलल्या. वाइनचं कार्ड मुलीने समजावून सांगितलं, त्यात आमच्या विंचूरकडच्या द्राक्षांचं नाव आलं तेव्हा वहिनींनी तिला मधेच अडवून कुठली बाग, छाटणी कधीची, असं विचारून भंडावलं. लिंबाचं सरबत प्यायलो. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, नवीनच लग्न झालेलं असावं, मुलीच्या हातावर मेंदी फिकट होत आलेली. दोघं आपापल्या मोबाइलमध्ये. पदार्थ आले, त्यांनी फोटो काढले, खाल्ले, पुन्हा मोबाइल. वहिनींची नजर तिकडेच. उठताना त्या मुलीजवळ जरा थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण बोलल्या नाहीत, तिच्या घसरलेल्या ओढणीचं टोक उचलून खुर्चीवर ठेवलं आणि पुढे झाल्या.

तिथी तोंडावर आली होती आणि शेवटचं नाशिक रोड राहिलं होतं.

स्टेशनच्या मागच्या बाजूचा तो बार जुना. उंच छत, लांब दांड्याचे पंखे, संगमरवरी टेबलं कडेला पिवळी पडलेली. इथे सरकारी नोकरीतली आणि निवृत्त झालेली माणसं येतात, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. घाई कुणालाच नाही. गाड्यांची घोषणा आत ऐकू येते आणि घड्याळ बघायची गरज पडत नाही. मॅनेजर वयस्कर होता, त्याने नेहमीप्रमाणे हात जिन्याकडे केला. ताई, वर बसा, एसी आहे.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"मला वर नाय बसायचं. माझे मालक कुठं बसायचे ते दाखवा. तिथं बसते."

सगळे बघायला लागले. मी हळूच म्हटलं, वहिनी, चला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे झालो. मॅनेजर म्हणाला, ताई, गिऱ्हाइकांना अवघड वाटेल हो. त्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, की मला इतकी वर्षं अवघड वाटलं, त्यांना एक दिवस वाटू द्या. मग कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक म्हातारा उठला, समोरची रिकामी खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हणाला, भास्कर इथे बसायचा.

ते बाबूराव. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, दादापेक्षा थोडे मोठे. वहिनी त्या खुर्चीत बसल्या. तिथून काय दिसतं ते मीही त्यांच्यामागे उभं राहून पाहिलं. मुतारीचं दार, कॅलेंडर आणि स्टेशनच्या पुलाचा एक तुकडा. बाबूरावांनी आपला ग्लास बाजूला सारला आणि त्यावर पेपर ठेवला. वहिनींनी पेपर उचलून परत दिला. प्या तुम्ही, म्हणाल्या, मी बघायला नाय आले. मला फक्त सांगा, ते माझ्यावर हसायचे का?

बाबूरावांनी पेपरची घडी केली.

"हसायचो आम्ही सगळेच, खोटं कशाला सांगू? पण तुमच्यावर नाही. टाकीवरच्या माणसावर. तो रोज वेगळा असायचा, वहिनी. त्या दिवशी ज्याने भास्करला छळलं असेल, तोच वर. कुणी बिल अडवलं, कुणी दारात ताटकळत ठेवलं, कुणी चारचौघांत अपमान केला. इथे येऊन तो त्याला टाकीवर चढवायचा आणि शिडी तुमच्या हातात द्यायचा. मग त्याला बरं वाटायचं. शकूपुढे कुणाचं चालत नाही म्हणायचा."

आत कुठेतरी बर्फ फोडत होते. वहिनींनी पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत, तसलं काही केलं नाही. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. हे मला घरी येऊन का नाय सांगितलं, त्यांनी विचारलं. एवढ्या लोकांनी त्यांना छळलं, ते मला कुणीच का नाय सांगितलं? मी खरंच गेले असते एकेकाच्या दारात. तुम्हांला सांगायचे, त्या पोऱ्या वेटरला सांगायचे, आणि मी भाजी कशी झाली विचारत बसले होते!

बाबूरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग वहिनींनी त्यांना तिथल्या तिथे आवतण दिलं. तिथीला माझ्याकडं पित्र म्हणून बसा.

आमच्या शेतकरी घरांत हे असतं. गेलेल्याच्या जागी एक जिता माणूस बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, त्याला पहिलं पान वाढायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. पंधरवड्यात पित्र बसणाऱ्यांची इतकी ओढाताण असते की एकेक म्हातारा एका दिवसात तीन घरी जेवून पोट धरून घरी जातो. पण बहुतेक भावकीतला, नाहीतर गावातला बघतात. दारूच्या गुत्त्यातला माणूस बसवतेस का, म्हणून आत्या फोनवर कडाडली. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला आणि वडे तळत राहिल्या.

तिथीच्या दिवशी बाबूराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. कढी, वडे, खीर होतीच, पण बाकीचा स्वयंपाक वहिनींनी रोजचाच केला होता, मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. घरच्या जेवणाची भूक मोडू नये म्हणून जो माणूस शेंगदाणेही धड खात नव्हता, त्याला आणखी वेगळं काय आवडत असणार, असं त्या मला म्हणाल्या. बऱ्याच घरांत पिणाऱ्याच्या पानाशेजारी क्वार्टरही ठेवतात. मी विचारलं, आणू का? नको, म्हणाल्या, ती तिकडं पुष्कळ झाली. कावळ्याचं पान गच्चीत ठेवून आलो. कावळा लगेच आला आणि आत्याचा फोन मी घेतला नाही.

बाबूराव जेवायला बसले. खाली मान घालून, एकेक घास. त्या बारमध्ये जो माणूस इतकं नीट बोलला होता, तो इथे शब्द काढेना. वहिनी समोर पाटावर बसल्या होत्या, वाढायचं भांडं मांडीशी घेऊन. त्यांनी वाटीत आणखी कढी ओतली. मग म्हणाल्या, बोला की, तिथं बोलत होता तसं. आज तुम्ही त्यांच्या जागी बसलाय.

बाबूरावांनी घास खाली ठेवला. "वहिनी, मला घरात बोलता येत नाही," ते म्हणाले. "माझ्याही घरी हेच आहे. कुणाचं काही चुकलेलं नाही. दार उघडून आत आलो की तोंडच उघडत नाही. आमच्या त्या टेबलावर सगळे असेच होते. भास्करचंही तुमच्यामुळे नव्हतं."

इतके दिवस ज्याच्यासाठी वहिनी शहरभर जिने चढल्या होत्या ते उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते त्यांना पुरेसं वाटत नव्हतं हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी पाट जरा पुढे ओढला. बरं, म्हणाल्या, तुम्हांला नाय येत तर नका बोलू, मी बोलते, तुम्ही ऐका. आणि त्या बोलत राहिल्या. केबलवाल्याची खरी गोष्ट. मग त्यांच्या परदेशातल्या पोराच्या दहावीची. मग मी ऐकली नव्हती अशी एक, आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणातली. बाबूराव हात पानावर ठेवून ऐकत होते. खिरीवर साय धरली. मधे एकदा ते हसले आणि वहिनींनी त्यांना पटकन आणखी एक वडा वाढला.

जेवण झालं की घरच्या बाईने पित्राला विचारायचं असतं, पोट भरलं का. त्याने भरलं म्हणायचं आणि उठायचं. वहिनींनी विचारलं. बाबूराव म्हणाले, भरलं. आणि उठता उठता, तशी रीत नसताना, त्यांनी उलट विचारलं, "आणि तुमचं?"

वहिनी पान उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या.

"माझं कशानं भरंल? मला आत्ता कुठं बोलायला माणूस घावला, आन तो दुसरीच्या घरचा." त्यांनी पान उचललं. "तुम्ही आता स्टेशनाकडं वळू नका, बाबूराव. घरी जा. नाय आलं बोलता तर नाय, पण ती बोलंल ते बसून ऐका."

बाबूराव उष्टा हात तसाच धरून मोरीपाशी उभे होते. वहिनींनी त्यांच्या हातावर नळ सोडला.